आधीच्या पायऱ्या उशिरा आल्या: मानसशास्त्रीय संशोधनाच्या टप्प्यांची पार्श्वभूमी

समस्या ठरवा, पूर्वीचे संशोधन वाचा, परिकल्पना (तपासायचे अपेक्षित उत्तर) मांडा, नमुना (अभ्यासात घ्यायची माणसे) निवडा, माहिती गोळा करा, विश्लेषण करा, अहवाल लिहा. नाशिकमध्ये मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या कुणालाही ही यादी तोंडपाठ असते. पण यादीचा हा क्रम इतिहासाचा क्रम नाही. काम करताना ज्या पायऱ्या आधी येतात त्यांतल्या बऱ्याच सगळ्यांत उशिरा रुजल्या, आणि प्रकल्प आजही तिथेच फसतात.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा नमुना निवडण्याचा प्रश्नच नव्हता. आज प्रयोग घेणारा उद्या स्वतः प्रयोगाला बसे. हर्मान एबिंगहाउस यांनी तर स्मरणाचा सगळा अभ्यास स्वतःवरच केला. अर्थहीन अक्षरगट पाठ करून किती विसरले ते मोजले आणि १८८५ मध्ये छापले.

विश्लेषणाची पायरी मात्र लवकर पक्की झाली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकाने ०.०५ ही सार्थकतेची पातळी रूढ केली: खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तरच निकाल सार्थ मानायचा. उत्तर तपासायची रीत हाती आली, पण त्यासाठी माणसे किती लागतील हे विचारायची सवय लागली नाही. जेकब कोहेन यांनी १९६२ मध्ये एका नियतकालिकाचा वर्षभराचा मजकूर तपासला, तेव्हा त्यातल्या अभ्यासांची मध्यम आकाराचा परिणाम पकडण्याची शक्यता सरासरी निम्म्याहून कमी निघाली.

तीच चूक आपल्याकडे 'प्रत्येक गटात ३०' या ठरीव आकड्यातून होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले दिवसपाळी आणि रात्रपाळीचे कामगार घेऊन तणावाची तुलना करायची आहे असे धरा. गटात ३० जण घेतले तर मध्यम फरक खरोखर असूनही तो सापडण्याची शक्यता सुमारे ४८ टक्केच राहते. ८० टक्क्यांसाठी गटात ६४ लागतात, आणि फरक लहान असेल तर ३९३. काही फॉर्म अर्धवट येणारच, म्हणून ६४ हवे असतील तर ७५ वाटावेत. पाळी सुटताना, सुपरवायझर शेजारी उभा असताना भरून घेतलेले फॉर्म मात्र कितीही जमले तरी उपयोगाचे नाहीत. तिथे माणूस तणाव कमीच दाखवतो.

साधन निवडण्याच्या पायरीला मराठीत जुना वारसा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कानडी रूप १९३४ मध्ये तयार केले. त्यांनी ती इथल्या मुलांवर घेऊन त्यांच्या गुणांवरून प्रमाणित केली, नुसती भाषांतरित केली नाही, आणि हा फरक फार मोलाचा आहे. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणली की ती दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यावी आणि दोन्ही इंग्रजी रूपे ताडून पाहावीत, ही रीत १९७० नंतर रुजली. तिच्यातूनही नकारार्थी विधाने निसटतात. 'मला रात्री झोप लागत नाही' या विधानावर झोप न लागणारा माणूस 'नाही, लागत नाही' म्हणत 'असहमत'वर खूण करतो. असे तीन-चार प्रश्न असले की क्रॉनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घसरतो आणि दोष उत्तर देणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून आधी २०-३० जणांवर पूर्वचाचणी घ्यावी आणि चार-पाच जणांना प्रत्येक वाक्याचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावावा. मालेगाव-बागलाणात अहिराणी बोलणाऱ्यांसाठी तर हे टाळूच नये.

संमती ही पायरी माणसांना त्रास झाल्यावर आली. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता वैद्यकीय अत्याचारांतून जन्मली. पुढे स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगांनी (त्यांत माणसांना आपण हुकमावरून दुसऱ्याला विजेचे धक्के देतोय असे भासवले जाई) मानसशास्त्रातही हा वाद पेटवला. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. शिवाय ७ ते ११ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ पासून पुढे लेखी. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत हे अवघड जाते, कारण पालक द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेले असतात. मुख्याध्यापकांची सही ही प्रवेशाची परवानगी झाली, पालकांची संमती नव्हे. पालक गावी असतात तो काळ विचारून घेऊन मगच वेळापत्रक आखावे.

परिकल्पना यादीत पहिल्यापासून होती, पण ती आधी लिहिली होती याचा पुरावा कुणी मागत नसे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर जुने अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांत ९७ टक्के निकाल सार्थ होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच ठरले. लहान नमुने हे त्यामागचे एक कारण. आकडे पाहून परिकल्पना जुळवणे हे दुसरे. त्यानंतर पूर्वनोंदणीने जोर धरला: प्रश्न, नमुन्याचा आकार, कोणती सांख्यिकीय चाचणी लावणार आणि कोणते फॉर्म बाद करणार हे तारखेसह आधीच नोंदवायचे. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर ही नोंद विनामूल्य होते. ती सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाल्यावर आणि पहिला फॉर्म भरून हाती येण्याआधी करावी; नंतर बेत बदलला तर जुनी नोंद तशीच ठेवून बदल आणि त्याचे कारण अहवालात लिहावे.