नायलिटची 'सीसीसी' परीक्षा : पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि अभ्यासाची आखणी

महाराष्ट्रातील सरळसेवा भरतीच्या बहुतेक जाहिरातींत शैक्षणिक अर्हतेच्या खाली संगणक अर्हतेचे एक लांबलचक वाक्य असते. डीओईएसीसी सोसायटीची सीसीसी ('कोर्स ऑन कॉम्प्युटर कन्सेप्ट्स', म्हणजे संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाची परीक्षा) किंवा त्यावरील 'ओ', 'ए', 'बी', 'सी' स्तरांपैकी एखादी परीक्षा, नाहीतर एमएस-सीआयटी उत्तीर्ण असावे, असा त्या वाक्याचा आशय असतो. हे वाक्य वाचून डीओईएसीसी ही संस्था शोधायला निघालेल्या उमेदवाराला ती सापडत नाही, कारण २०११ मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच नायलिट, असे झाले. जाहिरातींतले वाक्य मात्र जुनेच राहिले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था असून तिचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आहे. तेव्हा जाहिरातीतील 'डीओईएसीसीची सीसीसी' आणि आजची 'नायलिटची सीसीसी' या दोन वेगळ्या परीक्षा नाहीत, ही गोष्ट आधी पक्की करून घ्यावी.

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ४ फेब्रुवारी २०१३ रोजी संगणक अर्हतेबाबत शासन निर्णय काढला, आणि अनेक जाहिराती आजही त्याचाच आधार घेतात. हे प्रमाणपत्र अर्ज करतानाच हवे की नियुक्तीनंतर ठरावीक मुदतीत सादर केले तरी चालते, हे मात्र पदानुसार व विभागानुसार बदलते, म्हणून आपल्या जाहिरातीतील ते कलम शब्दशः वाचावे. लिपिक-टंकलेखक पदासाठी लागणारी मराठी ३० व इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट ही टंकलेखनाची अर्हता सर्वस्वी वेगळी आहे. सीसीसीचे प्रमाणपत्र तिच्या जागी चालत नाही आणि टंकलेखनाचे प्रमाणपत्र दाखवून सीसीसीची अट पूर्ण होते असेही गृहीत धरू नये.

पात्रता

सीसीसीसाठी शैक्षणिक पात्रतेची कोणतीही किमान अट नाही. उमेदवार स्वतः थेट अर्ज करू शकतो, नायलिटच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करू शकतो किंवा या योजनेत नोंदणी झालेल्या शाळा-महाविद्यालयामार्फतही करू शकतो. थेट अर्ज करणाऱ्याला क्लास लावणे बंधनकारक नाही, आणि ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गल्लीबोळातील काही वर्ग स्वतःच्याच तीन-चार महिन्यांच्या अभ्यासक्रमाला 'सीसीसी' हे नाव देऊन स्वतःचे छापील प्रमाणपत्र देतात. ते दिसायला कितीही देखणे असले, तरी नायलिटने घेतलेल्या परीक्षेचे ते प्रमाणपत्र नव्हे, आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर त्याचा उपयोग होत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला हे निवड यादीत नाव आल्यानंतर कळले, तेव्हा तिच्या हातात फार दिवस उरलेले नव्हते.

दुसरा घोटाळा अभ्यासक्रमाच्या निवडीत होतो. नायलिटच्या डिजिटल साक्षरतेच्या यादीत एसीसी, बीसीसी आणि सीसीसी ही नावे एकाखाली एक येतात. एसीसी हा २० तासांचा, बीसीसी ३६ तासांचा आणि सीसीसी ८० तासांचा अभ्यासक्रम आहे. भरतीच्या जाहिरातीला हवी असते ती सीसीसी. घाईत वरच्या ओळीवर टिचकी मारून शुल्क भरले की पुढे काही करता येत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी

अर्ज नायलिटच्या विद्यार्थी पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो. परीक्षेची आवर्तने वर्षभर चालू असतात, आणि अर्ज भरण्याचा महिना व प्रत्यक्ष परीक्षेचा महिना यांत साधारण दोन महिन्यांचे अंतर पडते. त्यामुळे भरतीची जाहिरात आल्यावर सीसीसीचा अर्ज भरू, असा हिशेब करणाऱ्याची गाडी बहुधा चुकते.

सर्वांत जास्त विचार करावा तो नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर हाच क्रम बहुधा उलटा असतो. पॅन कार्डावर कधी मधले नावच गाळलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर दहावीचे नाव एक आणि आधारवरचे नाव दुसरेच. माझे मत असे, की अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, त्याच शब्दलेखनासह, भरावे, कारण पुढे भरतीच्या वेळी सगळी कागदपत्रे त्याच्याशीच ताडून पाहिली जातात, आणि नावातील बदल विवाह नोंदणी प्रमाणपत्राने किंवा राजपत्रातील प्रसिद्धीने दाखवता येतो. परंतु परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्रावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळावे लागते. म्हणून दहावीच्या नावाचे एक तरी मूळ छायाचित्र ओळखपत्र (जुने मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी काहीही) हाताशी आहे ना, हे अर्ज भरण्याआधी पाहावे. नसेल तर आधी ओळखपत्रातील दुरुस्ती आणि मग अर्ज, असा क्रम ठेवावा. अंतिमतः सादर केलेल्या अर्जातील नाव, जन्मदिनांक व पालकांची नावे नंतर बदलून मिळतील या भरवशावर राहू नये.

अर्जासोबत चढवायच्या मुख्य गोष्टी तीन : छायाचित्र, सही आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. तिन्ही चित्रे जेपीजी स्वरूपात लागतात आणि त्यांचा आकार ५ ते ५० केबीच्या दरम्यान असावा लागतो. मोबाइलने काढलेला सहीचा फोटो सहज तीन-चार एमबीचा भरतो, आणि बरेच जण तो तसाच दाबून दाबून लहान करतात. मग सहीऐवजी राखाडी धुके उरते. आधी चित्र सहीच्या चौकटीपुरते कापून घ्यावे आणि मगच आकार कमी करावा, म्हणजे रेषा स्पष्ट राहतात. अंगठ्याच्या ठशाचेही तसेच. शाईच्या गादीवर अंगठा टेकवून तो थेट कोऱ्या कागदावर उमटवला, तर जादा शाईमुळे रेषा बुजून नुसता निळा गोळा दिसतो. पहिला ठसा रद्दी कागदावर उमटवून जादा शाई काढावी, दुसरा पांढऱ्या कागदावर घ्यावा आणि दिवसाच्या उजेडात, कागदावर स्वतःची सावली पडू न देता, त्याचा फोटो काढावा. सही काळ्या किंवा निळ्या पेनाने नेहमीसारखीच करावी.

अर्ज आणि शुल्क

पोर्टलवर सीसीसीची निवड केल्यावर प्रतिज्ञापन मान्य करून वैयक्तिक माहिती, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक, परीक्षेचे आवर्तन, परीक्षेचे माध्यम आणि केंद्रासाठी जिल्ह्याचा पसंतीक्रम भरावा लागतो. पसंतीचा जिल्हा मिळेलच असे नाही, त्यामुळे दुसरी पसंतीही जाता-येता येईल अशाच जिल्ह्याची द्यावी. अर्ज जतन केल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक लगेच लिहून ठेवावा. प्रवेशपत्र आणि निकाल या दोन्हींसाठी तो लागतो. मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचेच द्यावेत. सायबर कॅफेवाल्याने सोयीसाठी त्याचा क्रमांक टाकला, की पुढचे सारे संदेश त्याच्याकडे जातात.

परीक्षा शुल्क ५०० रुपये असून त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ५९० रुपये होतात. सामायिक सेवा केंद्रातून भरल्यास तेथील सेवा शुल्क वेगळे. शुल्क भरले गेले, पण अर्जाची स्थिती बदलली नाही, असे झाल्यास लगेच पुन्हा पैसे न भरता व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि पोर्टलवरील स्थिती पुन्हा तपासावी. गैरहजर राहिलेल्याला किंवा अनुत्तीर्ण झालेल्याला नव्याने अर्ज करून पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते.

परीक्षेचे स्वरूप आणि अभ्यास

परीक्षा केंद्रावरील संगणकावर होते. ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, त्यांत बहुपर्यायी तसेच चूक-बरोबर अशा दोन्ही प्रकारचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. प्रमाणपत्रावर श्रेणी येते : ८५ टक्के व त्यावर 'एस', ७५ ते ८४ 'ए', ६५ ते ७४ 'बी', ५५ ते ६४ 'सी' आणि ५० ते ५४ 'डी'. एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, आणि ते पुरेसे आहेत. एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही.

अभ्यासक्रमाचे ८० तास २५ तास सिद्धांत, ५ तास उजळणी आणि ५० तास प्रात्यक्षिक असे विभागलेले आहेत. रोज दोन तास बसल्यास हे चाळीस दिवसांत पूर्ण होते, म्हणजे अर्जापासून परीक्षेपर्यंतच्या दोन महिन्यांत उजळणीसाठीही दिवस उरतात. प्रकरणे नऊ आहेत : संगणकाची ओळख, ऑपरेटिंग सिस्टीम, शब्दप्रक्रिया, स्प्रेडशीट, सादरीकरण, इंटरनेट, ईमेल-समाजमाध्यमे-ई-प्रशासन, डिजिटल आर्थिक साधने, आणि शेवटी भविष्यातील कौशल्ये व सायबर सुरक्षा. पहिली दोन आणि इंटरनेटचे प्रकरण बहुतेकांना वाचूनच जमते. दमछाक होते ती मधल्या तीन प्रकरणांत, आणि तिचे कारण अवघडपणा नसून सवय आहे.

ही तीन प्रकरणे लिबरऑफिस या सॉफ्टवेअर-संचावर (शब्दप्रक्रियेसाठी रायटर, स्प्रेडशीटसाठी कॅल्क आणि सादरीकरणासाठी इम्प्रेस) आधारलेली आहेत, तर आपल्यापैकी बहुतेकांचा हात मायक्रोसॉफ्टच्या वर्ड आणि एक्सेलवर बसलेला असतो. वर्डमध्ये एफ-१२ दाबले की 'सेव्ह ॲज'ची खिडकी उघडते. लिबरऑफिस रायटरमध्ये तीच कळ क्रमांकित यादी सुरू करते. एफ-५ ने रायटरमध्ये नॅव्हिगेटर उघडतो आणि इम्प्रेसमध्ये स्लाइड शो सुरू होतो. कंट्रोल आणि एम या जोडीने रायटरमध्ये मजकुराचे थेट फॉर्मॅटिंग निघून जाते, तर इम्प्रेसमध्ये नवी स्लाइड येते. प्रश्नपत्रिकेत वर्डचे उत्तरही पर्यायांत असले, की सवयीचा हात तिकडेच जातो. हे पाठ करून टिकत नाही. लिबरऑफिस विनामूल्य आहे. ते उतरवून घ्यावे, कळ दाबावी, काय झाले ते पाहावे आणि वहीत स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहावी. घरी संगणक नसेल, तर प्रात्यक्षिकाच्या पन्नास तासांतले निम्मे तरी ग्रंथालयात, महाविद्यालयात किंवा मित्राकडे मिळवावेत. मोबाइलवर व्हिडिओ पाहणे हा या भागाला पर्याय नाही. रायटरची फाइल ओडीटी, कॅल्कची ओडीएस आणि इम्प्रेसची ओडीपी विस्ताराने जतन होते, हे तीनदा स्वतः जतन केल्यावर विसरता येत नाही.

बाजारातील प्रश्नसंच वापरावेत, पण डोळे उघडे ठेवून. कॅल्कमधील शेवटचा स्तंभ कोणता, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच संचांत 'एएमजे', म्हणजे १,०२४ वा स्तंभ, असे दिलेले आढळते. २०२२ मध्ये आलेल्या ७.४ आवृत्तीपासून कॅल्कमध्ये १६,३८४ स्तंभ आहेत आणि शेवटचा स्तंभ 'एक्सएफडी' आहे. ओळी मात्र दोन्हींत १०,४८,५७६ इतक्याच. प्रश्नात आवृत्ती दिली आहे का ते पाहावे, आणि पर्यायांत दोनांपैकी एकच असेल तर तोच निवडावा.

डिजिटल आर्थिक साधनांच्या प्रकरणातही जुनी माहिती नडते. एनईएफटी फक्त बँकेच्या वेळेत चालते, असे अजून काही पुस्तकांत आहे. प्रत्यक्षात १६ डिसेंबर २०१९ पासून ती सेवा अहोरात्र चालते, आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. आरटीजीएसची किमान रक्कम दोन लाख रुपये आहे. या प्रकरणाचे सर्वांत चांगले पुस्तक म्हणजे घरातले पासबुक : त्यावरील आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि उरलेली सहा शाखेची. स्वतःच्या पासबुकावर ते एकदा बोट ठेवून मोजले, की त्यावरचा कोणताही प्रश्न फसवू शकत नाही.

अर्जात माध्यम कोणतेही निवडा, संज्ञा मात्र इंग्रजी उच्चारासह ओळखीच्या करून घ्या, कारण मेनूवर त्या तशाच दिसतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी रोज दहा संज्ञा, त्यांचे मेनूतील स्थान आणि त्यांचे काम, अशी तीन रकान्यांची वही ठेवावी. शेवटच्या आठवड्यात घड्याळ लावून किमान तीन पूर्ण सराव परीक्षा द्याव्यात आणि चुकलेल्या प्रश्नांचे उत्तर लिबरऑफिसमध्ये करून पाहावे.

परीक्षेचा दिवस आणि प्रमाणपत्र

परीक्षेच्या काही दिवस आधी पोर्टलवर अर्ज क्रमांक व जन्मदिनांक देऊन प्रवेशपत्र उतरवता येते. त्याची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र बरोबर न्यावे. मोबाइलमधील फोटोवर विसंबू नये. प्रवेशपत्रावरील वेळेनंतर दरवाजा बंद होतो, तेव्हा परगावचे केंद्र असल्यास पहिल्या एसटीच्या भरवशावर सकाळची तुकडी धरू नये.

निकालानंतर डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवता येते आणि डिजिलॉकरमध्येही मिळते. ते हाती आल्यावर नाव आणि पालकांची नावे दहावीच्या प्रमाणपत्राशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत, श्रेणीही तपासावी, फाइल आपल्या ईमेलवर ठेवावी, आणि भरतीच्या अर्जात प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक भरताना तो त्या प्रमाणपत्रावरूनच, पाहून, भरावा.