लांबी–वजन संबंध (नदीतले मासे)

माशाच्या लांबीवरून त्याचे अपेक्षित वजन सांगणारे समीकरण: वजन = अ × (लांबी)^ब. यातला घात ‘ब’ बहुतेक जातींत २.५ ते ३.५ च्या दरम्यान येतो. तो ३ असेल तर मासा आकार न बदलता वाढतो आणि लांबी दुप्पट झाल्यावर वजन ८ पट होते. ब २.८ असेल तर सुमारे ७ पट, ३.२ असेल तर ९ पटींहून थोडे अधिक. शरीराची ठेवण मुख्यतः ‘अ’मध्ये उतरते. सेंटिमीटर व ग्रॅममध्ये मोजल्यास सापासारख्या लांबट माशांत अ ०.००१ च्या आसपास, तर रोहूसारख्या बांध्यात ०.०१ च्या आसपास असतो. वाम सडपातळ म्हणून तिचा ब कमी येईल, हा समज चुकीचा आहे.

इंदूरमध्ये राहून असे मोजमाप करायचे तर दिवसभरात जाऊन येण्याजोगे क्षेत्र म्हणजे नर्मदेचा बडवाह ते महेश्वर हा पट्टा आणि बडवाहजवळ नर्मदेला मिळणारी चोरल नदी. वर ओंकारेश्वर व इंदिरा सागर ही धरणे आहेत. जलाशयातले आणि वाहत्या पात्रातले मासे एकाच आलेखात घालू नयेत. अन्न व प्रवाह वेगळे असल्याने अंगावरचे मांसही वेगळे असते. शहराच्या बाजारातला मासा बहुधा वापरण्याजोगा नसतो. तो नदीचा की तळ्याचा हे कळत नाही, आणि बर्फात पडून राहिलेल्या माशाचे वजन भरवशाचे नसते. जात ओळखणे हे पहिले काम. ‘सिंघाड’ म्हणून मिळणारा मासा स्पेराटा सींघाला असू शकतो किंवा स्पेराटा आओर. दोन्ही मिसळले तर येणारे समीकरण कोणत्याच जातीचे नसते.

मोजणीसाठी एका टोकाला उभी फळी असलेला मोजपाट घ्यावा. मुस्कट फळीला टेकवून, तोंड मिटलेले ठेवून एकूण लांबी मिलिमीटरपर्यंत वाचावी. शेपटीची दोन्ही पाती चिमटीत जवळ आणून मोजायची. शेपटी तुटली असेल तर प्रमाण लांबी, म्हणजे शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंतची लांबी, वापरता येते. पण दोन प्रकारच्या लांबी एका स्तंभात लिहायच्या नाहीत. वजनापूर्वी कल्ले झटकून ओल्या कापडाने अंग टिपावे. बोटाएवढ्या माशाला ०.१ ग्रॅम अचूकतेचा काटा हवा, कारण तिथे पाण्याचा एक थेंबही आकडा बिघडवतो. फॉर्मेलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या रसायनात) ठेवलेले मासे आखडतात व वजन बदलते. ताज्या नमुन्यांत ते मिसळू नयेत.

एका जातीचे निदान ५० मासे असावेत, पण संख्येपेक्षा पल्ला महत्त्वाचा. २० ते २४ सेंमीचे दोनशे मासे असले तरी ब डळमळीतच येतो. त्यातही गिलनेटची (मासा ज्याच्या भोकात अडकतो त्या उभ्या जाळ्याची) खोच आहे: एकाच आसाच्या, म्हणजे एकाच मापाच्या भोकांच्या, जाळ्यात लहान माशांतले जाड आणि मोठ्यांतले रोड मासे अडकतात, त्यामुळे रेषा आडवी होऊन ब खोटाच कमी दिसतो. म्हणून निरनिराळ्या आसांची जाळी व फेकजाळे मिळून वापरावे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तेवढ्या काळातले नमुने परवानगीशिवाय घेता येत नाहीत. त्याच्या थोडे आधी मिळालेल्या गाभोळीच्या माद्या जड भरतात. नर, मादी व महिना यांची नोंद नसेल तर हा फरक नंतर वेगळा काढता येत नाही.

लांबी व वजन दोन्हींचे लॉग घेतले की ठिपके सरळ रेषेत येतात: लॉग वजन = लॉग अ + ब × लॉग लांबी. रेषा काढण्याआधी आलेख डोळ्यांनी पाहावा; दूर पडलेला ठिपका बहुधा लिहिताना सरकलेला दशांशबिंदू असतो. ब ३ पेक्षा खरोखर वेगळा आहे का, हे प्रमाणत्रुटीवरून (ब च्या अंदाजातली अनिश्चितता सांगणाऱ्या आकड्यावरून) तपासावे, २.९४ आले एवढ्यावरून ‘मासा रोड होतोय’ म्हणणे घाईचे. एककेही लिहावीत: ब ३ असेल तर सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर घेताच अ हजारपट लहान होतो.

समजा अ ०.०१२ आणि ब ३ आहे. ४० सेंमीच्या माशाचे अपेक्षित वजन ७६८ ग्रॅम येते. प्रत्यक्षात तो ६९० ग्रॅमचा असेल तर ले क्रेन यांनी १९५१ मध्ये मांडलेला सापेक्ष स्थिती-गुणांक (प्रत्यक्ष वजन ÷ अपेक्षित वजन) सुमारे ०.९० होतो, म्हणजे त्या लांबीच्या मानाने मासा हलका. हे उपासमारीनेच नव्हे, नुकत्याच झालेल्या विणीनेही होते. फुल्टनचा गुणांक (१०० × वजन ÷ लांबीचा घन) सोपा असला तरी ब ३ नसेल तिथे तो लांबीनुसार आपोआप बदलतो. लहानमोठ्या माशांची तुलना त्याने करू नये.

महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा. तो जिवंत मोजून सोडावा. ओल्या झोळीचे वजन आधी काट्यावर शून्य करायचे, हात ओले ठेवायचे, कल्ल्यात आकडा अडकवून टांगायचे नाही. लांबी पाण्यातच पट्टीवर घेतली तर मासा वजनापुरताच बाहेर येतो.