नाडीचा करकोचा आणि कातडीचा कॅन्सर

परकराची नाडी सोडली की कमरेवर करकोचा दिसतो. तरुण वयात तो तासाभरात जातो. पंचवीस-तीस वर्षं एकाच जागी नाडी काचत राहिली की तिथे काळपट पट्टा बसतो, कातडी जाड आणि खरखरीत होते, कधी मधूनच पांढरे डागही पडतात. हा पट्टा इतक्या जणींच्या कमरेवर असतो की त्याला कोणी आजार म्हणत नाही. बहुतेकींचं तेवढ्यावरच भागतं. मोजक्या जणींच्या कमरेवर मात्र तिथेच जखम होते आणि त्या न भरणाऱ्या जखमेतून कॅन्सर उगवतो.

ही गोष्ट जुनी आहे. टाटा मेमोरियलचे व. रा. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी 1945 साली धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याच जातीच्या आजाराला ‘साडी कॅन्सर’ म्हटलं. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी आणखी दोन वयस्क स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या एकीने चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट नेसलं होतं. म्हणजे दोष साडीचा नाही, परकराचाही नाही. दोष आवळण्याचा आहे.

आवळलेल्या जागी नेमकं काय होतं? दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेपतात, घाम आणि धूळ अडकते, वाकताना-उठताना नाडी तिथेच घासते. कातडी सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. प्रत्येक वेळी भरून निघण्यासाठी पेशींना विभागावं लागतं आणि प्रत्येक विभाजनात चूक होण्याची शक्यता असते. शिवाय वणाच्या निबर कातडीत रक्त आणि लसिका (रोगाशी लढणाऱ्या पेशी वाहणारा द्रव) यांचा पुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे बिघडलेल्या पेशी शरीराच्या पहाऱ्यातून सुटतात. जुन्या वणातून किंवा जखमेतून उगवणाऱ्या कॅन्सरला ‘मार्जोलिन व्रण’ म्हणतात. भाजल्याचे जुने वण आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या पायाच्या जखमा याच वाटेने जाऊ शकतात.

उपाय स्वस्त आहे. ताण तेवढाच ठेवून 5 मिलिमीटरच्या नाडीऐवजी 4 सेंटिमीटर रुंदीचा सुती पट्टा लावला, तर कातडीवरचा दाब आठपट कमी होतो. कंबर जिथे जास्त वळते, म्हणजे दोन्ही कुशींना, तिथे त्याच नाडीचा दाब वाढतो. गाठही बहुधा तिथेच येते. म्हणून गाठीची जागा बदलत राहा आणि परकर आज थोडा वर, उद्या थोडा खाली बांधा. बांधल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एवढ्यावर साडी टिकत नाही अशी तक्रार येईल, पण ताण तेवढाच असेल तर रुंद पट्ट्याची पकड नाडीपेक्षा कमी नसते. रात्री कंबर मोकळी सोडा. अंघोळीनंतर पट्ट्याची जागा टिपून कोरडी करा. कातडी कोरडी-खरखरीत असेल तर साधं व्हॅसलीन पुरेसं आहे. करदोटा घट्ट झाला असेल तर पुरुषांनाही हेच लागू.

आता आहार. कातडीच्या कॅन्सरवर गाजर, गोळ्या, ‘अँटिऑक्सिडंट’ यांचा फार बोलबाला आहे. प्रत्यक्ष चाचण्या काय सांगतात? अमेरिकेत 1,805 जणांवर झालेल्या चाचणीत रोज 50 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (गाजरातलं रंगद्रव्य) देऊनही पाच वर्षांत काही फरक पडला नाही. रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये तर स्क्वॅमस पेशींचा कॅन्सर, म्हणजे कमरेवरच्या जखमेत होतो तोच प्रकार, वाढलेला आढळला. ऑस्ट्रेलियात 386 जणांवरच्या चाचणीत निकोटिनामाइडच्या (ब-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घेतल्याने नवे कॅन्सर 23 टक्क्यांनी घटले. पण गोळ्या थांबताच फायदा संपला, आणि ते सगळे आधीच किमान दोनदा असा कॅन्सर होऊन गेलेले लोक होते. शिवाय या चाचण्या गोऱ्या कातडीवरच्या, उन्हाने होणाऱ्या कॅन्सरच्या. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बचावाचं काम बऱ्यापैकी करतं.

आहाराचा खरा उपयोग जखम लवकर भरण्यासाठी. बिछान्यातल्या दाबाने होणाऱ्या जखमांसाठी वजनाच्या दर किलोमागे 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. इथलीही जखम दाबाचीच, तेव्हा 50 किलोच्या बाईला 62 ते 75 ग्रॅमचं लक्ष्य धरता येईल. ती येणार कुठून? चार ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, अर्धा लिटर दूध-दही, मूठभर शेंगदाणे आणि दोन अंडी मिळून साधारण साठी पार होते. अंडी चालत नसतील तर 25 ग्रॅम सोया वड्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. लिंबू, आवळा, पेरू यातून क जीवनसत्त्व मिळतं. त्याशिवाय कातडीचा कोलेजन धागा नीट विणला जात नाही. रक्तातली साखर चढलेली असेल तर हे सगळं पाण्यात. मिश्री लावणाऱ्यांनी ती सोडावी: निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते.

खरा घोटाळा होतो तो मलमाचा. कमरेला खाज सुटली की गजकर्ण समजून दुकानातून ट्यूब आणली जाते. तिच्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, कातडी पातळ होते आणि जखम आणखी लांबते. बुरशी आहे का, हे कातडीचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच दिवशी कळतं. हळद, चुना, टूथपेस्ट तर जखमेवर नकोच.

चार आठवड्यांत न भरलेली जखम, कडा उचललेल्या आणि टणक, हात लागताच रक्त, दुर्गंधी, किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ दिसली, तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्यावी. तुकडा जखमेच्या मधून नव्हे, कडेवरून घ्यायला हवा. मध्यभागी बहुधा मेलेलं मांसच हाती लागतं. जांघेत गाठ लागते का, तेही त्याच वेळी तपासायला सांगावं. वर सांगितलेल्या लुगडं नेसणाऱ्या बाईंचा कॅन्सर निदानाच्या वेळी जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.