माळरान म्हणजे पडीक जमीन? अजिबात नाही!

पाऊस पडला की आपल्या सोलापुरात ग्रुपवर मेसेज सुरू होतात, चला नान्नजच्या बाजूला माळ ओसाड पडलाय, झाडं लावू. पोरांची तळमळ खरीच आहे हो, पण माळ ओसाड आहे हा समजच मुळात चुकीचा. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीवर सारा मिळत नाही ती सरकारी दप्तरात पडीक म्हणून गेली, आणि तो शिक्का अजून पुसला नाही.

जरा खाली बसून बघा. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं, त्यात चंडोलाचं घरटं, धाविक पक्षी पळतोय, लांब काळविटांचा कळप, आणि त्यांच्या मागावर लांडगा. माळढोक पक्षी तर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर, त्याला चौफेर लांबवर दिसायला लागतं, म्हणून तर १९७९ साली इथं अभयारण्य झालं. तिथं सुबाभूळ, गिरिपुष्प लावलं की कावळ्या-शिकऱ्यांना टेहळणीला फांदी मिळते, सावलीत गवत मरतं, मग धनगराच्या मेंढरांनी चरायचं कुठं?

आफ्रिकेतलं सेरेंगेटी पण गवताळच आहे, तिथं कुणी खड्डे खणायला जात नाही. आणि गवत हवेतला कार्बन धरत नाही असंही नाही, तो मुळांवाटे मातीत साठतो, वणवा लागला तरी बराचसा तिथंच राहतो.

झाडं लावाच, पण शाळेत, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर. माळावर दुर्बीण घेऊन या.