न्यू एज पियानो : डाव्या हाताची साथ

न्यू एज या शांत, संथ वाद्यसंगीताच्या शैलीतल्या पियानोवादनात उजवा हात आयत्या वेळी सुचलेली धून वाजवतो आणि तिच्याखाली डावा हात एक छोटा स्वरसमूह सतत फिरवत राहतो. ही साथ धुनेइतकीच मोलाची आहे. गोव्यात पियानोकडे वळणारे काही जण भजनाच्या किंवा नाट्यसंगीताच्या पेटीवरून येतात. पेटीवर डावा हात भात्यावर असतो. म्हणून उजवा कितीही तयार असला तरी डाव्याची मेहनत मुळापासून करावी लागते.

पांढरी एक (सी) 'सा' धरून, मधल्या सी-पासून दोन सप्तके खाली सुरुवात करावी. मूळ नमुना असा (टिंब असलेले स्वर वरच्या सप्तकातले) : सा प सां रें गं रें सां प. करंगळी सा-वर, तर्जनी प-वर, अंगठा सां-वर. मग अंगठ्यावरून तर्जनी नेऊन रें आणि पुन्हा अंगठ्याने गं. सा ते गं हे अंतर सुमारे २१ सेंमी. पंजा ताणून ते गाठू नये, मनगट सरकवावे. लय मिनिटाला ६० ते ७० मात्रा, मात्रेला दोन स्वर.

गंधार वरच्या सप्तकात ठेवण्याला कारण आहे. खर्जातला सा सुमारे ६५ हर्ट्झचा, त्याच्या लगतचा ग ८२ चा. इतक्या खाली इतके जवळचे स्वर एकत्र वाजले की नुसती घरघर होते. तोच ग सप्तकभर वर नेला की कॉर्ड, म्हणजे एकत्र उमटणारा स्वरसमूह, स्वच्छ उमटते.

हाच साचा ध, म आणि प या स्वरांवर जसाच्या तसा बसतो. ध-वर ध ग ध नि सा, म-वर म सा म प ध. ग-वर मात्र अडतो : तिथे रें-च्या जागी शुद्ध म येतो, तो ग-पासून अर्ध्याच स्वरावर असल्याने बोचतो. तो गाळून थेट प घ्यावा. यमनच्या स्वरांत तीव्र म असल्याने ही अडचण येत नाही. नि-वर शुद्ध पंचम जुळत नाही, त्यामुळे ती कॉर्ड टाळलेली बरी.

सर्वाधिक बिघडतो तो पेडल, म्हणजे स्वर लांबवणारी पायपट्टी. नव्या कॉर्डचा खर्जस्वर वाजताक्षणी पाय उचलावा आणि लगेच दाबावा; पाय खाली पोचेपर्यंत करंगळी उचलू नये. पाय उचललाच नाही तर आधीची कॉर्ड मिसळते, करंगळी आधी सुटली तर खर्ज हरवतो.

मांडो या गोव्याच्या कोकणी गीतप्रकाराच्या संथ ६/४ चालीसाठी रें दोन्ही वेळा गाळून सा प सां गं सां प असे सहा स्वर उरतात, मात्रेला एक.

गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेने साउंडबोर्ड (तारांचा नाद वाढवणारी लाकडी फळी) फुगतो आणि मधल्या पट्ट्यांचा स्वर खर्जापेक्षा जास्त चढतो. सा–सां हे उघडे सप्तक हा फरक लपवत नाही, म्हणून अशा वादनाचा पियानो पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावर पुन्हा लावून घ्यावा.