हेड स्टड (डिझेल इंजिन)

सिलिंडर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य धडावर, आवळून धरायला कंपनीच्या बोल्टऐवजी जो दोन्ही टोकांना आटे असलेला पोलादी दांडा वापरतात त्याला हेड स्टड म्हणतात. त्याचं एक टोक ब्लॉकमध्ये जातं, हेड त्याच्यावरून खाली उतरतं आणि वरून वॉशर-नट लावून आवळतात. अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअप चालवणाऱ्यांमध्ये, खास करून फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिनवाल्यांमध्ये, बोल्ट काढून स्टड टाकायचा खर्च करावा का यावर वर्षानुवर्षं वाद चाललेला आहे, आणि खरं सांगायचं तर उत्तर स्टडपेक्षा इंजिन कुठल्या अवस्थेत आहे यावर जास्त अवलंबून आहे.

बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या आट्यांत फिरत असतो, म्हणजे एकाच वेळी पिळलाही जातो आणि ताणलाही जातो, त्यामुळे पान्यावर लावलेला बराच जोर घर्षणातच जातो आणि प्रत्येक बोल्टवर ताण सारखा येईलच असं नाही. स्टड ब्लॉकमध्ये नुसता हातानेच बसवायचा असतो, नंतर फिरतो तो फक्त वरचा नट, तिथले आटेही बारीक असतात, म्हणून दांडा जवळजवळ सरळच ताणला जातो आणि पकड सगळीकडे बऱ्यापैकी सारखी मिळते. ६.० मधले कंपनीचे बोल्ट टॉर्क-टू-यील्ड प्रकारचे, म्हणजे मुद्दाम कायमचे लांबतील इतके आवळायचे, एकदा काढले की फेकायचे. स्टड पुन्हा वापरता येतात.

आता ६.० चं इंजिनच का बदनाम झालं ते बघू. नॅव्हिस्टारने बनवलेलं हे व्ही-८ इंजिन २००३ च्या मॉडेलपासून फोर्डच्या सुपर ड्यूटी या मोठ्या पिकअपमध्ये आलं आणि २००७ पर्यंत राहिलं. त्याच्या आधीच्या ७.३ लिटरमध्ये प्रत्येक सिलिंडरभोवती ६ बोल्ट होते, इथे ४ च ठेवले, आणि वरून टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब वाढला. पण नुसत्या बोल्टवर खापर फोडणं बरोबर नाही. या इंजिनात ऑइल कूलर दोन्ही हेडच्या मधल्या खोबणीत बसतो, त्याच्या बारीक वाटांमध्ये ओतकामातली उरलेली वाळू आणि खराब झालेल्या कूलंटचा गाळ साचतो, मग त्याच्या पुढे असलेल्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) पाणी कमी पडतं, तो तापून फुटतो आणि कूलंट इंजिनात ओढलं जातं. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की दाब एकदम चढतो, बोल्ट ताणले जातात, हेड केसभर उचललं जातं आणि हेड-ब्लॉकमधलं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा पातळ पत्रा) उडतं. टर्बोच्या पात्या काजळीने अडकून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) हाताबाहेर गेला तरी शेवट हाच. वॉरंटीचा खर्च कोणी भरायचा यावरून फोर्डने २००७ मध्ये नॅव्हिस्टारला कोर्टात खेचलं होतं.

म्हणून माझं ठाम मत असं की कूलर तसाच ठेवून नुसते स्टड टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. गाडी गरम झाल्यावर हायवेवर सपाट रस्त्याला एकसारख्या वेगाने चालवून ऑइल आणि कूलंटच्या तापमानात १५ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त फरक दिसला तर ऑइल कूलर चोंदलाय समजायचं आणि पहिला खर्च तिथे करायचा. कूलंटच्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरट खरपुडी जमली असेल तर कूलंट बाहेर फेकलं जातंय, तिथे गॅस्केटची शंका घ्यायचीच.

खर्चाचं गणित सरळ आहे. कॅलिफोर्नियाच्या एआरपी कंपनीचा नेहमीचा सेट साधारण ५०० डॉलरच्या पुढे मिळतो, त्यांच्या जास्त ताकदीच्या धातूचा सेट त्याहून बराच महाग. पण मजुरी काही हजार डॉलर असते, कारण हेड उतरवायला बरेच गॅरेजवाले अख्खी केबिनच चॅसिसवरून उचलतात. म्हणजे गॅस्केट गेलंय आणि हेड उतरलंच आहे, तर नवीन बोल्ट आणि स्टड यांच्यातला फरक एकूण बिलात फार मोठा नाही, तिथे स्टड टाकलेच पाहिजेत. ट्यूनिंग करून पॉवर वाढवली असेल किंवा रोज जड ट्रेलर ओढायचा असेल तरी टाकावेत. इंजिन मूळ सेटिंगवर आहे, गळत नाही, कूलर चांगले आहेत, अशा गाडीचं हेड फक्त स्टडसाठी उघडायचं काहीच कारण नाही.

काम नीट झालं नाही तर महागडे स्टडही वाचवत नाहीत. हेडवर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक बघायचा, लागलं तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून, घ्यायचं, ब्लॉकची आट्यांची भोकं साफ आणि कोरडी करायची, तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड पूर्ण बसतच नाही. नटाच्या आट्यांना आणि वॉशरला स्टडच्या कंपनीने दिलेलंच वंगण लावायचं, कारण टॉर्कचे आकडे त्याच वंगणावर ठरवलेले असतात. ६.० ला ते ७०, १४० आणि २१० फूट-पाउंड असे तीन टप्प्यांत, दिलेल्या क्रमाने आवळतात. केबिन न उचलता काम केलं तर मागच्या कोपऱ्यातला स्टड हेडसोबतच आत न्यावा लागतो, नंतर वरून घालायला जागाच उरत नाही.

कमिन्सची गोष्ट वेगळी आहे (पुण्यात कोथरूडच्या कारखान्यामुळे हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं). डॉज पिकअपमधलं ५.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, त्याच्या एका हेडला २६ बोल्ट, आणि ते लांबी मापात असेल तर परत वापरता येतात, त्यामुळे मूळ पॉवरवर तिथे स्टडची गरज सहसा पडत नाही. पॉवर वाढवणारे लोक हेड न काढता एक बोल्ट काढायचा, तिथे स्टड घालून आवळायचा, मग पुढचा, अशी अदलाबदल करतात. गॅस्केट धडधाकट असेल तर हे जमतं, पण ते आधीच गळत असेल तर हेड उतरवून नवीन गॅस्केट टाकावंच लागतं.