तिरप्या होलाचा दिगंश: कोअर ड्रिलिंगने आकाशाकडून काय घेतले

कोअर ड्रिलिंग म्हणजे पोकळ बिटने खडकात होल पाडून आतला दंडगोल तुकडा, म्हणजे कोअर, बाहेर काढणे. त्याची रिग उभी करताना सगळ्यात आधी दोन आकडे ठरतात, अझिमथ आणि डिप. समजा 135 आणि उणे 60. म्हणजे रॉड आग्नेयेकडे तोंड करून क्षितिजाखाली 60 अंशांनी जाणार. साध्या बैठकीवरची दुर्बीण ताऱ्याकडे वळवायला हेच दोन आकडे लागतात. खगोलात त्यांना दिगंश आणि उन्नतांश म्हणतात. ड्रिलरचा डिप म्हणजे उणे चिन्ह लागलेला उन्नतांश. अझिमथ हा शब्दच मुळी अरबी ज्योतिर्विदांच्या ‘दिशा’ या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि झेनिथ, म्हणजे खस्वस्तिक, आकाशातला थेट डोक्यावरचा बिंदू, त्याचाच भाऊ.

दुर्बीण जिकडे वळवली तिकडे पाहते. होल मात्र लावला तसा जात नाही. एनक्यू या ठरलेल्या मापात होल 75.7 मिमीचा, रॉड 69.9 मिमीचा आणि हाती येणारा कोअर 47.6 मिमीचा. म्हणजे रॉडच्या भोवती जेमतेम 3 मिमी जागा, पण शेकडो मीटर लांबीत तेवढीही रॉड वाकायला पुरते. बिटवर, म्हणजे रॉडच्या टोकाच्या कापणाऱ्या भागावर, भार जास्त दिला की वाक वाढतो. पत्रित खडकात होल पापुद्र्यांना काटकोन करायला बघतो. भार कमी करणे, ताठ कोअर बॅरल (बिटमागची कोअर धरणारी नळी) आणि रॉड मधोमध धरणारा होलभर मापाचा स्टॅबिलायझर वापरणे, एवढेच उपाय. दिगंशातली 1 अंशाची चूक 100 मीटरला 1.75 मीटर बाजूला नेते; आडव्याच्या जवळ जाणाऱ्या होलात ती पूर्ण भोवते, उभ्याच्या जवळ कमी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर उपाय निघाला तो काचेच्या नळीचा. नळीत पातळ हायड्रोफ्लोरिक आम्ल भरून ती होलात सोडायची आणि हालचाल न करता थांबायचे. आम्लाची पातळी आडवी राहते, काचेवर तिची रेघ कोरली जाते, तिचा कोन म्हणजे डिप. नळीच्या कडेला आम्ल वर चढत असल्याने वाचलेला कोन तक्त्यावरून दुरुस्त करावा लागे. या युक्तीतून उन्नतांश मिळाला. दिगंशाचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवायला होलात होकायंत्र उतरले, सोबत फोटो घेणारा छोटा कॅमेरा. इथे एका शब्दाने बरेच गोंधळ घातले आहेत. डेक्लिनेशन म्हणजे खगोलात क्रांती, खगोलीय विषुववृत्तापासूनचे ताऱ्याचे कोनीय अंतर. सर्वेक्षणात डेक्लिनेशन म्हणजे दिक्पात, खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन. महाराष्ट्रात दिक्पात सध्या एका अंशाच्याही आत आहे, म्हणून तो विसरला तरी चालते अशी सवय लागते, आणि तीच माणसे दुसऱ्या देशात गेली की 10-15 अंशांची चूक करून बसतात. आपल्याकडचा खरा त्रास वेगळा आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते. लाव्हा थिजताना त्या वेळचे चुंबकीय क्षेत्र त्यात गोठले, काही थरांत तर आजच्या उलट दिशेने. अशा खडकात सुई कुणाचे ऐकेल याचा नेम नाही. वर पोलादी रॉड असतातच, म्हणून यंत्र बिनचुंबकी रॉडमधून, पोलादापासून काही मीटर लांब ठेवून उतरवतात. खडक मात्र लांब ठेवता येत नाही.

सुटका आली ती पृथ्वीच्या फिरण्यातून. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फुको यांनी 1852 मध्ये जायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याचे यंत्र, दाखवला आणि त्याला नाव दिले, ते पृथ्वी फिरते हे बंद खोलीत दाखवण्यासाठी. आदल्या वर्षी त्यांनी लंबकाने हेच दाखवले होते. जहाजांसाठी जायरो-होकायंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाले. 1929 मध्ये जायरो बनवणारी स्पेरी आणि तेलकंपनी सन ऑइल यांनी मिळून स्पेरी-सन ही विहिरींची मापणी करणारी कंपनी काढली. सुरुवातीच्या जायरोला दिशा ‘शिकवावी’ लागे. तोंडापाशी माहीत असलेल्या दिगंशावर तो लावायचा, खाली-वर करून पुन्हा तिथेच तपासायचा आणि मधली घसरण वेळेनुसार वाटून द्यायची. ही घसरण म्हणजे परांचन, फिरत्या भोवऱ्याच्या अक्षाचे हळूहळू वळणे. पृथ्वीचा अक्षही असाच सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी मारतो.

आजचा उत्तर शोधणारा जायरो पृथ्वीचे फिरणेच मोजतो. एका नाक्षत्र दिनाला, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने एका फेरीला, 23 तास 56 मिनिटे लागतात, म्हणून वेग तासाला 15.04 अंश. सौर दिवस धरला तर 15 येईल, पण जायरोला सूर्याशी देणेघेणे नाही. उत्तर शोधायला यातला आडवा भाग लागतो, म्हणजे 15.04 गुणिले अक्षांशाची कोज्या. लोणारच्या, म्हणजे जवळपास 20 अंश अक्षांशावर, तो 14.1 भरतो. जायरोत तासाला 0.1 अंशाची खोट असेल तर तिथे दिगंश सुमारे 0.4 अंशाने चुकतो. 75 अक्षांशावर तीच खोट 1.5 अंशाच्या आसपास जाते. वाचन घेताना रॉड हलले तर आकडा फेकून द्यावा, दुरुस्त करत बसू नये.

होलाची दिशा कळली तरी कोअर बॅरलमध्ये कसा फिरला हे कळत नाही. त्यासाठी आतल्या नळीला गुरुत्व मोजणारे यंत्र लावतात. ड्रिलिंग थांबवायचे, यंत्राचे वाचन होऊ द्यायचे, कोअर तोडायचा, नळी वर आणायची, यंत्र सांगेल तशी फिरवायची आणि खालच्या बाजूची रेघ कोअरवर मारायची. सलग दोन रनच्या (एका खेपेत काढलेल्या कोअरच्या) रेघा जुळल्या नाहीत तर कोअर मध्ये फिरलाय किंवा घासलाय. ही युक्ती उभ्या होलात मात्र निकामी ठरते, कारण त्याला खालची बाजूच नसते. दुर्बिणीची अडचण तीच: तारा डोक्यावर आला की दिगंशाला अर्थ उरत नाही, बैठक गरगर फिरवावी लागते. ड्रिलरचे खस्वस्तिक पायाखाली असते एवढाच फरक.

रेघेवरून भेगेचे अल्फा (कोअरच्या अक्षाशी) आणि बीटा (रेघेपासून कोअरभोवती) कोन मोजले की ते उत्तर-दक्षिणेच्या हिशेबात बदलायचे. यासाठी वापरला जाणारा वुल्फचा स्टिरिओनेट, दिशा मांडायचे गोल जाळे, 1902 चा, पण त्यातले गोलाचे सपाट चित्र फार जुने आहे. अ‍ॅस्ट्रोलेब या ताऱ्यांची स्थिती मोजणाऱ्या जुन्या यंत्राची तबकडी त्याच प्रक्षेपावर कोरतात. महेंद्र सूरींनी 1370 मध्ये ‘यंत्रराज’ या संस्कृत ग्रंथात हे यंत्र समजावले. भूवैज्ञानिक गोलाचा खालचा अर्धा भाग काढतात. ज्योतिर्विद आकाश काढत.

चंद्रावर यातले बहुतेक सगळे गळून पडते. तिथे पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, आणि फिरण्याचा वेग तासाला जेमतेम 0.55 अंश. 1971 मध्ये अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी तिथे सुमारे 2.4 मीटरचा कोअर घेतला. नळी अडकली आणि दोघांना जोर लावून ती उपसावी लागली. खडकांच्या दिशेची नोंद मात्र तिवईवर लटकत्या कांडीने होत असे. कांडी ओळंब्यात राहते, सूर्य कुठे आहे हे वेळेवरून माहीत, सावली दिशा देते. हा आपला शंकू, म्हणजे सावली पाहायची कांडी.

शुल्बसूत्रांतली, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांतली, रीत रिगच्या तोंडापाशी आजही चालते. सपाट जमिनीवर वर्तुळ, मध्यावर ओळंब्यात कांडी. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर तसेच दुसरी. दोन्ही जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. जमीन पाणसळीने तपासावी, कांडीचे टोक टोकदार असावे. विषुवदिनाच्या आसपास सूर्याची क्रांती तासाला जवळपास एक कला (अंशाचा साठावा भाग) बदलते, म्हणून तेव्हा दोन खुणांमधला वेळ कमी ठेवावा.